शब्दचर्चा: पावसातल्या ट्रॅकवरच्या ‘लाइन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (अचलपूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी मुलांना चारचाकी चालवायला शिकवतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७ किलोमीटरचा शर्यतमार्ग आहे. हौशी चालकांना आपापली गाडी तिथे चालवता येते. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका ‘ट्रॅक डे’ला मी दिवसभर पावसात गाडी चालवली आणि तिथे शिकलेले मृगाच्या आधी मुलांसाठी मराठीत लिहून काढावे म्हणून बसलो, तर पहिल्याच पानावर अडलो.

अडलेला शब्द ‘लाइन’ हा आहे. वळणात गाडी कोठून आत घालायची, आतल्या कडेला कोठे न्यायची आणि कोठून बाहेर काढायची, या सगळ्याला मिळून तिथे ‘लाइन’ म्हणतात. मी ‘रेषा’ लिहिले, पण रेषा म्हटली की आखलेली वाटते आणि आखलेली गोष्ट कोणी मोडत नाही. माझी चूक नेमकी तीच झाली. गाड्यांच्या टायरचे रबर घासून डांबरावर जो काळा पट्टा उमटतो तो कोरड्या दिवशी सर्वांत जास्त पकड देतो. तीच ती रेषा, असे समजून पावसातही मी त्या पट्ट्यावरूनच वळण घेतले. स्टिअरिंग एकदम हाताला हलके लागले, चाके वळलेली असूनही गाडी नाकासमोर सरळ गेली आणि मार्गाबाहेरच्या गवतात थांबली. पुढच्या फेरीत प्रशिक्षकांनी मला गाडीच्या रुंदीइतके बाहेर सरकायला लावले. तिथे डांबरातल्या खडीचा खरखर आवाज पुन्हा टायरखालून ऐकू येऊ लागला आणि स्टिअरिंगला वजन आले.

म्हणून प्रश्न असा की, काळ्या पट्ट्याला एक आणि चालक पावसात निवडतो त्या मार्गाला दुसरा, असे दोन वेगळे शब्द मराठीत देता येतील का? शिवाय वळणाच्या आतल्या कडेजवळच्या बिंदूला मी ‘शिरोबिंदू’ लिहिले आहे, तेही मनाला पटत नाही.

प्रतिसाद (दारव्हा तालुका)

भाऊ, तुम्हाला हवा असलेला शब्द आपल्या पांदणीत पडलेला आहे. काळ्या पट्ट्याला ‘चाकोरी’ म्हणा.

‘चाकोरीबद्ध जीवन’ हा प्रयोग वर्तमानपत्रांतून वाचून वाचून आपण या शब्दाचा मूळ अर्थ विसरत चाललो आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते. चाकोरी म्हणजे त्याच त्या वाटेने गाड्या जाऊन जाऊन चाकांनी जमिनीत पाडलेली खाच. ती कोणी आखत नाही, ती पडते. तुमचा काळा पट्टाही कोणी आखलेला नाही, चाकांनीच पाडलेला आहे. फरक इतकाच की पांदणीत चाक माती दाबते आणि ट्रॅकवर चाक आपले रबर मागे ठेवते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही चाकोऱ्या पावसात एकाच कारणाने दगा देतात. आमच्या भागातली जमीन काळी आणि चिकण. उन्हाळाभर लोखंडी धावेखाली दबून चाकोरीचा तळ पाटीसारखा गुळगुळीत होतो आणि कोरड्यात बैल त्यावरून गाडी सहज ओढतात. पहिला पाऊस पडला की त्याच गुळगुळीत तळावर पाणी साचते, बैलाचे खूर फाकतात आणि चाक जागच्या जागी आडवे सरकते. माझे वडील अशा वेळी कासरा ओढून एक चाक चाकोरीबाहेर, गवत असलेल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अंगाला चढवीत. गवताच्या मुळ्यांना चाक धरते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. तुमच्या प्रशिक्षकांनी तुम्हाला खडीवर सरकवले, ते हेच.

चालक निवडतो त्या मार्गाला मी साधा ‘वाट’ हाच शब्द सुचवीन. चाकोरी पडलेली असते, वाट धरायची असते आणि सोडायचीही असते. ‘पावसात चाकोरी सोडून वाट धरा’ हे वाक्य तुमच्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. शंकरपटातून, म्हणजे बैलांच्या शर्यतीतून, एखादा शब्द मिळतो का, याचाही विचार करून पाहिला, परंतु पट सरळ रेषेत धावतो, तिथे वळणाची भाषा सापडत नाही.

प्रतिसाद (वरोरा तालुका)

दारव्ह्याच्या काकांचा ‘चाकोरी’ मला पूर्ण मान्य आहे. मी यंत्र अभियांत्रिकी शिकले आहे आणि काही वर्षे कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, केले आहे, त्या अनुभवातून त्यात थोडी भर घालते.

डांबराची पकड खडीच्या बारीक खडबडीतपणातून येते. रबर साचले की खडीमधली बारीक भोके बुजतात. कोरड्यात रबराला रबर चिकटते, म्हणून काही बिघडत नाही, पण पाऊस आला की बुजलेल्या पृष्ठभागावरचे पाणी जायला जागाच उरत नाही आणि त्यात सांडलेल्या तेलाचा थर मिसळतो. याचा वेगावर किती परिणाम होतो ते उदाहरण धरून पाहा. वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाने वळू शकते. गुणांक ०.४ वर आला की तोच वेग ताशी ५० वर येतो. चालकाचे कसब तेच, गाडीही तीच, तरी ताशी १७ किलोमीटर गेले. त्यातले काही परत मिळवायचे तर अधिक खडबडीत डांबरावरची वाट शोधावी लागते, म्हणून ‘वाट’ हा शब्द इथे नेमका बसतो.

ही वाट पुष्कळदा वळणाच्या बाहेरच्या अंगाने जाते. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे पावसात झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीत ब्राझीलचा चालक आयर्टन सेना सुरुवातीला पाचव्या स्थानावर गेला होता आणि पहिली फेरी संपेपर्यंत पहिला झाला. त्या फेरीत कार्ल वेंडलिंगर या चालकाला त्याने उताराच्या वळणांत बाहेरून मागे टाकले. ती फेरी पाहिली की चाकोरी सोडणे म्हणजे काय, ते डोळ्यांना दिसते.

चाकोरी मात्र पुन्हा परत येते. पाऊस थांबला की गाड्या जिथून जातात तिथले पाणी आधी उडते आणि ओल्या मार्गावर कोरडा, फिकट पट्टा उमटतो. तीही चाकोरीच, आणि आता तिच्यावर परतायचे असते. त्या कोरड्या पट्ट्यावर पावसाळी टायर तापून झिजू लागतात, म्हणून सरळ भागात चालक मुद्दाम ओल्या बाजूने जाऊन ते थंड करतात. तुमच्या टिपणात चाकोरीचे हे दोन्ही अर्थ स्पष्ट लिहावेत, नाहीतर मुले ‘चाकोरी वाईट’ एवढेच लक्षात ठेवतील.

‘शिरोबिंदू’ला माझा विरोध आहे. भूमितीत तो कोनाच्या टोकाला असतो, वळणाला टोक नसते. नामाच्या मागे लागण्यापेक्षा क्रियापद घ्यावे. गाडी आतल्या कडेला जिथे टेकते तो बिंदू, म्हणून ‘टेकणे’. पावसात उशिरा टेकावे लागते, म्हणजे वळणाचा बराचसा भाग बाहेरून पार करून, गाडीचे तोंड फिरल्यावर मग आत यायचे आणि चाकोरी शक्यतो आडवी, सरळ चाकांनी ओलांडायची.

प्रतिसाद (दारव्हा तालुका)

‘टेकणे’ उत्तम. एक सूचना. ‘निसरडा’ हे विशेषण रस्त्याला लावावे, ‘घसरणे’ हे क्रियापद गाडीला, आणि पकड सुटते त्या क्षणासाठी ‘निसटणे’ राखून ठेवावे. पकडीतून वस्तू निसटते, म्हणून हे दोन शब्द जोडीने शोभतात.

प्रश्नकर्ता

काका, ताई, आपण दोघांनी माझे मोठे काम केले. टिपणातला परिच्छेद मी आता असा लिहिला आहे, काही खटकल्यास अवश्य सांगावे:

‘पाऊस सुरू झाला की चाकोरी निसरडी होते, म्हणून तिच्या बाहेरची खरखरीत वाट धरावी. ब्रेक नेहमीपेक्षा बराच आधी, चाके सरळ असतानाच लावावा आणि हळूहळू सोडावा. वळणाला उशिरा टेकावे. रंगवलेल्या कडेवर चाक घालू नये, ओला रंग डांबराहून निसरडा असतो. गाडी पुढून निसटली तर स्टिअरिंग आणखी पिळू नये, अ‍ॅक्सिलरेटर हलका करून चाके थोडी सरळ होऊ द्यावीत, म्हणजे पकड परत येते. मागून निसटली तर मागची बाजू जिकडे जाते तिकडे स्टिअरिंग वळवावे, नजर मात्र जायचे तिकडेच ठेवावी.’

त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ घातली आहे, कारण आमची मुले परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाडी नेतात: ‘वाट शोधण्याची मुभा फक्त ट्रॅकवर आहे. घाटात समोरून एस. टी. येते, तिथे आपल्या डाव्या बाजूतच राहावे आणि वेग कमी करावा.’

आता एकच शब्द उरला आहे. साचलेल्या पाण्यात वेगाने गेल्यावर टायर रस्ता सोडून पाण्यावर उचलला जातो, त्या क्रियेला मी तूर्त ‘चाक पाण्यावर चढणे’ असे लिहिले आहे. आपल्याकडे पुरातल्या नाल्यावरून ट्रॅक्टर नेणारे यासाठी काही म्हणतात का?