आपलं कुटुंब ग्रुप: कालच्या स्ट्रुडेलचा (पातळ पिठात सफरचंद गुंडाळून भाजलेल्या ऑस्ट्रियन गोड पदार्थाचा) फोटो

धाकटी काकू: कालचा फोटो ग्रुपवर कोणी टाकला? आणि खाली "भूस्खलन" लिहायची काय गरज होती? अख्खी दुपार ओट्याशी उभी होते मी.

पिल्लू: मी टाकला काकू 🙈 पण चव भारी होती

धाकटी काकू: चवीचं कोणी विचारलेलं नाही.

मोठे काका: लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा घातला होता का? सफरचंदाचं पाणी तोच शोषून घेतो. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात स्ट्रुडेल शो असतो, तिथे आम्ही समोर उभं राहून पाहिलं आहे.

धाकटे काका: आलं शॉनब्रुन 😂

आत्या: एवढा खटाटोप कशाला? फ्रोझन पफ पेस्ट्री आणायची, भरायची, गुंडाळायची. मी नेहमी तेच करते. आजवर कोणी नावं ठेवली नाहीत.

वहिनी (व्हिएन्ना): आत्या, ते छानच लागतं. इथेही लोक करतात तसं. फक्त प्रकार वेगळा. पफ पेस्ट्रीत लोणी थराथरांत लाटलेलं असतं, म्हणून ती फुगते. ओढून करायच्या स्ट्रुडेलच्या पिठात लोणी नसतंच. 250 ग्रॅम मैदा, 125 मिली कोमट पाणी, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ. थर येतात ते गुंडाळल्यामुळे.

आत्या: बरं. म्हणजे इतकी वर्षं मी भलतंच खाऊ घालत होते.

वहिनी (व्हिएन्ना): असं कुठे म्हटलं मी 🙏

धाकटे काका: पीठ ओढताना मधेच फाटलं, मी बघितलं ना. म्हणत होतो जरा थांब.

धाकटी काकू: हो, बघितलंत. सोफ्यावरून.

वहिनी (व्हिएन्ना): काकू, मळल्यावर पीठ किती वेळ ठेवलं होतं? निदान अर्धा तास लागतो, तासभर ठेवलं तर उत्तम. वरून तेलाचा हात लावायचा, नाहीतर साय धरते, आणि झाकून उबेला ठेवायचं. नुकतं मळलेलं पीठ ताठ असतं. ओढलं की आखडतं, जोर लावला की फाटतं. मग मोठ्या कापडावर मैदा भुरभुरून आधी लाटायचं आणि नंतर हात खाली घालून, हाताच्या पाठीवर, मधून कडेकडे ओढत न्यायचं. अंगठ्या, बांगड्या काढून! खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता येईल इतकं पातळ झालं पाहिजे. कडा जाडच राहतात, त्या कापून टाकायच्या. भोक पडलं तर त्याच कडेचं ठिगळ लावायचं, गुंडाळल्यावर कुणाला कळत नाही. गुंडाळतानाही हात लावायचा नाही, कापडच उचलत न्यायचं.

मोठी काकू: कापडावरून आठवलं. माझा मोठा पांढरा टेबलक्लॉथ कोणाकडे आहे? गेला तो आलाच नाही.

धाकटी काकू: मोठ्या वहिनी, मी धुऊन, इस्त्री करून पाठवला होता.

मोठी काकू: माझ्यापर्यंत पोचला नाही. असो.

आत्या: माझ्याकडे नाही. आधीच सांगून ठेवते.

पिल्लू: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

मोठी काकू: काय डिलीट केलंस रे?

पिल्लू: काही नाही काकू. चुकून.

मोठे काका: चुऱ्याचं उत्तर मिळालं नाही.

धाकटी काकू: घातला होता भाऊजी. मूठभर.

मोठे काका: मूठभराने काय होणार? किलोभर सफरचंदांना शंभर ग्रॅम तरी हवा. लोण्यात, सोनेरी रंग येईपर्यंत.

धाकटे काका: दादा, तू स्वतःचा चहा तरी करून घेतोस का?

वहिनी (व्हिएन्ना): काकांचं बरोबर आहे. पण काकू, सफरचंदांना साखर कधी लावलीत?

धाकटी काकू: सकाळीच. साखर, दालचिनी लावून मुरत ठेवली. वन्संनीच सांगितलं होतं.

आत्या: मी मनुकांबद्दल म्हणाले होते! मनुका आदल्या दिवशी रममध्ये भिजवायच्या. सफरचंदांचं नाव तरी काढलं का मी?

पिल्लू: रम?? आत्या???

धाकटे काका: रमचं खातं माझ्याकडे द्या.

मोठी काकू: अजिबात नको.

वहिनी (व्हिएन्ना): तिथेच घोळ झाला मग. साखर लावली की सफरचंदाला पाणी सुटतं. सकाळपासून ठेवलं तर तळ भिजणार आणि पापुद्रा फुटणारच. साखर अगदी भरायच्या वेळी मिसळायची. फळही आंबट आणि घट्ट हवं, इथे बोस्कोप जातीची सफरचंदं घेतात. गोड, मऊ सफरचंदांचा लगदा होतो.

मोठे काका: फॉरवर्ड करतो आहे. 1696 सालची सफरचंदाच्या स्ट्रुडेलची हस्तलिखित कृती व्हिएन्नाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे 👆

वहिनी (व्हिएन्ना): काका, साल बरोबर आहे, पण ती कृती दूध-सायीच्या स्ट्रुडेलची आहे. सफरचंदाची नाही.

मोठे काका: बरं. तुम्ही तिथे राहता, तुम्हालाच जास्त माहीत.

मोठी काकू: यांना आता दिवसभर हे पुरेल.

धाकटी काकू: ओव्हनचं सांग गं. मी 160 वर ठेवलं होतं, रंगच येईना.

वहिनी (व्हिएन्ना): 190. साधारण 40 मिनिटं. आत जायच्या आधी वितळलेलं लोणी सगळीकडे लावा, मधेही एकदा लावा. जोड खालच्या बाजूला हवा. पिठीसाखर बाहेर काढल्यावरच.

मोठे काका: आणि चुरा.

धाकटी काकू: चुरा, भाऊजी, चुरा! रविवारी परत करते आहे. ज्यांना नुसती मतं द्यायची आहेत त्यांनी अंगठ्या काढून पीठ ओढायला यावं. फोटो कोणी काढायचा नाही.

धाकटे काका: मी घरीच आहे 👍

आत्या: मी येईन. येताना माझं पफ पेस्ट्रीचंही आणते, हाताशी असलेलं बरं.