अजून मैदानात असलेल्या रग्बीपटूचं आत्मचरित्र वाचावं का?

नवी_प्रेक्षक: वर्षभर रग्बी बघतेय, वेडच लागलंय. आता एखाद्या खेळाडूचं आत्मचरित्र वाचायचंय पण बरीचशी करिअर चालू असतानाच आलेली दिसतात. संघातली जागा टिकवायची असताना माणूस मोकळं लिहीत असेल का? एकच घेणार आहे आणि फार जाड नको.

स्क्रमवाला: निवृत्तीनंतरचंच घे. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी, त्याचं २०२१ ला आल्या आल्या घेतलं मी. झ्विडे या गरीब वस्तीतलं लहानपण, ती उपासमार, वाचताना गलबलून आलं. पण २०२३ ला न्यूझीलंडला १२-११ हरवून त्यानं परत वर्ल्ड कप उचलला आणि माझ्या पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. अर्धीच कहाणी हातात.

लांब_पास: अर्धी कशी? कप जिंकून लहानपण बदलतं का?

जुना_चाहता: अवांतर: पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९९५ पर्यंत रग्बी युनियन, म्हणजे पंधरा जणांची रग्बी, हौशी खेळ, पुस्तकाचे पैसे घेतले की तुम्ही व्यावसायिक ठरणार आणि मग कोचिंगची दारंसुद्धा बंद. वेल्सच्या गॅरेथ एडवर्ड्सचं १९७८ ला आणि इंग्लंडच्या बिल बोमाँटचं १९८२ ला हेच झालं. लिहायचं तर बूट खुंटीला टांगूनच.

स्क्रमवाला: काका, धागा त्यावर नाहीये.

जुना_चाहता: त्यावरच आहे. त्यांनी किंमत मोजून लिहिलं, म्हणून मला ती पुस्तकं जवळची वाटतात.

सात_नंबर: न्यूझीलंडचा रिची मॅकॉ, २०१२ चं, डोळे झाकून. २०११ ची फायनल, फ्रान्सविरुद्ध ८-७, हा माणूस पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला आणि कॅप्टन असतानाच ते लिहूनही टाकलं. सोबत त्याच्याच संघातल्या डॅन कार्टरचं पण घ्या, दोन्ही लागोपाठ वाचा, पानं काय मोजायची.

नवी_प्रेक्षक: एकच घ्यायचंय हो 🙏

रात्रीचा_वाचक: स्क्रमवाला +१, निवृत्तीनंतरचंच. माझ्याकडे रग्बीची बत्तीस आत्मचरित्रं आहेत त्यावरून सांगतो. खेळत असलेला माणूस स्वतःच्या शरीराबद्दल खरं लिहितो, दुखापत, भीती, ऑपरेशन सगळं. हात आखडतो तो कोच, करार आणि निवड याबद्दल. म्हणून आधी संघातून वगळल्याचा भाग शोधून वाच, तिथे दोन ओळींत गुंडाळलं असेल तर पुस्तक ठेवून दे. आणि आयर्लंडच्या ब्रायन ओड्रिस्कॉलची दोन आहेत, २००५ ची डायरी आणि निवृत्तीच्या वर्षातलं, २०१४ चं. २००५ ला ख्राइस्टचर्चला पहिल्या टेस्टच्या सुरुवातीलाच न्यूझीलंडच्या उमागा आणि मेआलामूनं त्याला उचलून आपटलं, खांदा निखळला, लायन्सचा, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाचा कॅप्टन दौऱ्याबाहेर. डायरी त्याच वर्षीची आहे, त्या पानाचा कोपरा माझ्या प्रतीत दुमडून दुमडून तुटलाय. तरी घेताना २०१४ चंच घे, अख्खी कारकीर्द मिळते.

लांब_पास: २०१४ चं, +१.

सात_नंबर: मॅकॉ वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

नवी_प्रेक्षक: सगळ्यांचे आभार. २००५ ची डायरी मागवली. पुढे आपण किती वर्षं खेळणार हे त्याला माहीत नसताना, खांदा दुखत असताना त्यानं काय लिहिलं तेच मला वाचायचंय. वगळल्याचा भाग आधी शोधायचं मात्र लक्षात ठेवलंय.

स्क्रमवाला: वाचून झालं की इथे लिही.