तैवानच्या भिक्खुणी चेंग येन: गल्ल्याची गोष्ट खरी का?

विहारवाली: नमो बुद्धाय. वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी कुणीतरी बोलतं, या खेपेला माझ्या गळ्यात पडलंय. विषय घेतलाय चेंग येन. पण बायकांनी रोज गल्ल्यात चिल्लर टाकली आणि त्यातून पुढे हॉस्पिटल उभं राहिलं हे जरा फिल्मी वाटतं हो. खरं किती?

जुनाखोड: गल्ला खरा आहे ताई. १९६६, तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरचं हुआलिएन, तेव्हाचा मागास भाग. ३० गृहिणी, प्रत्येकीला बांबूचा गल्ला, बाजारात जायच्या आधी रोज अर्धा तैवानी डॉलर टाकायचा. कुणीतरी म्हणालं की रोजची कटकट कशाला, महिन्याचे १५ एकदम देतो ना, तर चेंग येननी नाही म्हटलं, कारण मग देण्याचा विचार महिन्यातून एकदाच मनात येणार. मग त्या बायका भाजीवाल्यांना पण सांगत सुटल्या आणि गोष्ट बाजारभर झाली. त्यातूनच चेंग येनची संस्था झाली, त्झू ची म्हणतात तिला, तिचं हॉस्पिटल १९८६ साली तिथेच सुरू झालं, आणि तिकडे तेव्हा अ‍ॅडमिट व्हायला आधी डिपॉझिट भरावं लागायचं ते यांनी घेतलंच नाही.

कोकणकडा: दादा बूट विसरले 😀 सोबतच्या भिक्खुणी लहान बाळांचे बूट शिवायच्या, ४ डॉलरला जोड, ते पैसेही मदतीलाच जायचे. आणि स्वतःच्या जेवणासाठी दान घ्यायचं नाही, काम केलं तरच जेवायचं असा नियम, मेणबत्त्या वगैरे करून पोट भरायच्या. मला विचाराल तर हॉस्पिटलपेक्षा हेच भारी आहे, आपल्याकडे महाराज लोकांच्या गाड्या बघा जरा.
चेंग येनच्या दीक्षेचा किस्सा पण सांगा. केस स्वतःच कापलेले, गुरू कुणी नाही, म्हणून १९६३ ला तैपेईत दीक्षेला घेईनात. परत निघायच्या आधी पुस्तकं घ्यायला गेल्या तर तिथे यिन शुन नावाचे मोठे भिक्खू भेटले, त्यांनी दीक्षेची वेळ संपत आलीय म्हणून दोन मिनिटांत शिष्या करून घेतलं, बौद्ध धम्मासाठी आणि सगळ्या जीवांसाठी झट एवढंच सांगितलं आणि पळ म्हणाले.

विहारवाली: अरे वा. आणि ती दवाखान्यात जमिनीवर रक्त बघितल्याची गोष्ट? डिपॉझिट नाही म्हणून आदिवासी बाईला परत पाठवलं ती?

जुनाखोड: ती जपून. त्या स्वतः सांगायच्या, पण संबंधित डॉक्टरच्या घरच्यांनी हरकत घेतली आणि पुढे कोर्टकचेरी झाली. ती सोडलीस तरी काही अडत नाही. त्यापेक्षा १९९१ चं मॅगसेसे सांग, आपल्या बाबा आमट्यांना १९८५ ला मिळालं होतं तेच, बायकांना लगेच कळेल. आणि तैवानच्या २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपानंतर पडलेल्या शाळा यांनी परत बांधून दिल्या, तेही घे.

विहारवाली: बरं, रक्त कट. पण दाखवायला बांबूचा गल्ला हवाय, आमच्याकडे सगळे प्लास्टिकचेच डुक्कर मिळतात.

कोकणकडा: विकत कशाला घेताय, बांबूचं एक पेर दोन्ही गाठी ठेवून कापा आणि वर करवतीने खाच पाडा, पण नाणं आत जाईल एवढी रुंद. मी पाडली होती ती एवढी बारीक झाली की १० चं नाणं अडकून बसलंय अजून.