वेळ नक्की मुरतो कुठे? तुमचे अनुभव लिहा

"वेळच मिळत नाही" हे मी इतक्या लोकांकडून ऐकते आणि स्वतःही इतक्यांदा म्हणते, की मध्यंतरी ठरवलं, बघूच तरी जातो कुठे. एक वही घेतली आणि दर अर्ध्या तासाने एक ओळ, आत्ता काय चाललंय ते. सुधारणा वगैरे काही नाही, नुसती नोंद. तर कामाला फारसा वेळ लागतच नव्हता, लागत होता तो कामाआधीच्या रेंगाळण्याला. म्हणजे "रिपोर्टला बसायचंय", त्याखाली परत "रिपोर्टला बसायचंय", मग "टेबल आवरलं", मग "मैत्रिणीशी बोलले (तिनेच फोन केला)". ही कंसातली सफाई मी कोणाला देत होते देव जाणे, वही माझीच, वाचणारी मीच!

तेव्हापासून मला माणसांच्या वागण्याकडे बघायचा नादच लागलाय. म्हणून हा धागा. पहाटे उठा, यादी करा असल्या टिप्स नकोत, त्या सगळ्यांना पाठ आहेत. तुमचा किंवा आजूबाजूच्यांचा वेळ नेमका कुठे मुरतोय हे जवळून बघितलं असेल तर ते लिहा. लांबलं तरी चालेल.

---

पहिला नंबर माझा. घरून अनुवादाची कामं करतो, डोक्यावर साहेब नाही, त्यामुळे टंगळमंगळ करायला पूर्ण स्वातंत्र्य. पण मी सरसकट सगळ्याच कामांची चालढकल करत नाही. ज्यात आपण उघडे पडू असं वाटतं त्याचीच करतो. ओळखीच्या विषयातला मजकूर आला की लगेच बसतो. अनोळखी कायदेशीर कागद आला की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, कीबोर्डच्या फटीतली धूळ काढायची आठवण बरोब्बर तेव्हाच येते. सिरोइस आणि पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलंय की चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन चुकणं नव्हे, नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेणं आहे. हे वाचलं आणि मी स्वतःला आळशी म्हणणं सोडून दिलं. आता फाइल उघडून पहिला परिच्छेद मुद्दाम वाईट करतो, अगदी शब्दाला शब्द ठेवून, वाचायला नको वाटेल असा. एकदा घाण करून झाली की ती निस्तरायला मला आवडतं.

---

फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. बास, एवढंच.

---

वरच्या ताईंना अनुमोदन, फक्त एक भर घालतो कारण आयुष्य या धंद्यात गेलंय (वेबसाइट बनवतो). पूर्वी पान संपायचं, खाली "पुढचं पान" असायचं, ते दाबायच्या आधी अर्धा सेकंद का होईना माणूस भानावर यायचा. मग २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल आणलं आणि तो अर्धा सेकंदच गेला. त्यानेच नंतर जाहीरपणे याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केलाय. थांबायची जागा काढून घेतली की माणूस थांबत नाही, यात इच्छाशक्ती बिच्छाशक्ती नंतर. त्यामुळे फोनवरून स्वतःला शिव्या घालणारे लोक बघितले की मला जरा कसंतरीच होतं.

---

ऑफिसातली मीटिंग. विषय दहा मिनिटांचा, पण कॅलेंडरमध्ये तासाचाच चौकोन पडतो म्हणून तास. विषय संपल्यावर एक शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणतं "आता बसलोच आहोत तर...". हे वाक्य म्हणणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतोच, आमच्याकडे दोन आहेत. पार्किन्सनचा नियम सगळ्यांना माहितीये, काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत फुगतं. मी एका टीमपुरत्या मीटिंगा पंचवीस मिनिटांच्या केल्या, काहीही अडलं नाही, उलट लोक वेळेवर यायला लागले. पण वरच्यांना ते आवडलं नाही. का, तर लहान मीटिंग म्हणजे विषय किरकोळ, असं वाटतं. मग काय, परत तास.

---

पार्किन्सनचं नाव निघालंच आहे तर. हा ब्रिटिश इतिहासकार, १९५५ च्या त्याच्या लेखाची सुरुवात भारी आहे. एक रिकामटेकडी म्हातारी बाई भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवते, त्यात वीस मिनिटं पलीकडच्या रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायला छत्री न्यावी की नको या विचारात. सगळे एवढंच लक्षात ठेवतात. पण त्याचा रोख त्या बिचारीवर नव्हताच, सरकारी खात्यांवर होता. त्याने ब्रिटिश नौदलाचे आकडे दिलेत, १९१४ ते १९२८ मध्ये मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि मुख्यालयातले अधिकारी-कारकून २००० वरून ३५६९ वर गेले. जहाजं कमी, फायली जास्त. म्हणजे तुमच्या त्या "आता बसलोच आहोत तर" वाल्याचा दोष नाहीये हो, दोन माणसं नेमली की ती एकमेकांना काम पुरवतात, आणि सगळे खरोखरच दमून घरी जातात. ते दमणं खोटं नसतं, हे मला त्यातलं सगळ्यात वाईट वाटतं.

---

मी कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध बघते. "मॅडम, पुढच्या आठवड्यात नक्की" हे वाक्य ऐकवणारी मुलं खोटं बोलत नसतात, बोलताना त्यांचे चेहरे बघा, त्यांचा स्वतःवर शंभर टक्के विश्वास असतो! या वृत्तीला काह्नेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरायची चूक. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनाच विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ च्या आसपास. सगळं अगदी वाईटात वाईट झालं तर? ४८-४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे आपण वाईटात वाईट जे धरतो तेही आशावादीच असतं. याच संशोधनात असंही दिसलं की दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणसं असली स्वप्नं बघत नाहीत, ती सूट फक्त स्वतःला.

मी आता "किती दिवस लागतील" हे विचारतच नाही. विचारते, मागचं प्रकरण किती दिवसांत झालं होतं? मग जरा थांबतात, हसतात, आणि स्वतःच तारीख पुढे ढकलून सांगतात. काहीजण मात्र म्हणतात "मॅडम, मागच्या वेळी वेगळं होतं, तेव्हा ताप आला होता". मागच्या वेळी कायम काहीतरी वेगळं असतं.

---

हे सगळं वाचतेय आणि थोडी चिडचिड होतेय, रागावू नका पण लिहितेच. इथे सगळ्यांना आपला वेळ आपलाच आहे असं धरून चाललेलं दिसतंय. माझी आई काही वर्षं अंथरुणाला खिळून आहे, मी एकटी बघते, आणि माझा वेळ मुरत बिरत नाही, तो तुकड्यातुकड्यांत येतो, आता बसावं म्हणते तोवर हाक, कूस बदलायची, मग औषध, मग डोळा लागलाय तिचा तेव्हा आवाज नको म्हणून मिक्सरही लावायचा नाही, आणि त्यातून जी दहा मिनिटं उरतात त्यात डोकं अजून मागच्याच कामात असतं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर लिहिलंय म्हणे, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्यांनी ऑफिसच्या कामांबद्दल लिहिलं होतं. आमच्याकडे दिवसभर दुसरं काही नसतंच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल आहे, जगभरात बिनपगारी घरकाम आणि सेवाशुश्रूषेत बायका रोज सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. आता या तीन तासांच्या फरकाचं वहीत काय लिहायचं सांगा. वेळ वाया गेला? की सत्कारणी लागला? भाऊ फोनवर म्हणतो, "तू जरा दिवसाचं नियोजन कर ना". गेल्या वेळी म्हटलं त्याला, कर तूच, शनिवार-रविवार येऊन. आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाला की त्याला मेल बघायलाही वेळ मिळाला नाही. मी काही बोलले नाही पण आता दर महिन्याला येतो.

मी माझ्यापुरतं एवढं केलंय की तुकड्यात करता येणारी कामं वेगळी काढली. विणकाम होतं, बिलं भरून होतात, फोन होतात. वाचन होत नाही, होतच नाही, त्याचा नाद सोडला आणि ऐकायला लागले.

---

वरच्या पोस्टला काय उत्तर द्यावं कळत नाहीये. मी धागा काढला तेव्हा हे डोक्यात नव्हतं, वहीसुद्धा ज्याला अर्धा तास सलग मिळतो त्याचाच खेळ आहे. तुमच्या भावाचा किस्सा मात्र नियोजनावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

---

मला "नाही" म्हणता येत नाही. तेही विशिष्ट प्रकारे. उद्या ये म्हटलं तर सांगतो जमणार नाही. दोन महिन्यांनी ये म्हटलं की लगेच हो! कारण दोन महिन्यांनंतरचा मी फार मोकळा, उत्साही माणूस असतो, त्याला काही कामं नसतात. मग तो दिवस उजाडतो आणि तो माणूस काही येत नाही, मीच असतो. यावर झाउबरमन आणि लिंच या संशोधकांचं २००५ चं काम आहे, पुढे पैसे जास्त असतील असं लोकांना तितकंसं वाटत नाही पण वेळ मात्र भरपूर असेल असं हमखास वाटतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं, पण ही भीड नाहीये, ही पुढच्या तारखेचा चेक फाडायची सवय आहे. बायको आता एकच विचारते, "हे येत्या गुरुवारी असतं तर गेला असतास?" बहुतेक वेळा उत्तर द्यावं लागत नाही.

---

निवृत्त आहे. तुम्ही सगळे वेळ वाचवताय, वाचवून करणार काय ते एकाने तरी लिहा. माझ्याकडे आता तो ढीगभर आहे. सुरुवातीला मी दिवसाचं टाइमटेबल केलं होतं, सवयीने, आणि ते पाळलं जाईना म्हणून स्वतःवरच चिडायचो, साहेबही मी आणि कारकूनही मीच. नुसतं बसणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि मंडळींनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवलं होतं, सोबत एक बटण, दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका. १८ पुरुषांतल्या १२ जणांनी दाबलं, २४ बायकांतल्या ६ जणींनी. आधी सगळ्यांनी तो झटका घेऊन बघितला होता आणि हा परत बसू नये म्हणून आम्ही पैसे देऊ असंही म्हणाले होते! मला हसू आलं नाही, मीही दाबलं असतं.

आता अर्धा तास मुंग्यांची रांग बघतो. वहीत लिहीत नाही.

---

आजोबा _/\_

---

उशिरा येणाऱ्यांवर कोणीच लिहिलं नाही? मग मी लिहिते, माझं पार्लर आहे आणि या विषयात मला डॉक्टरेट मिळायला हवी. उशिरा येणारी माणसं बेफिकीर असतात हा गैरसमज आहे. ती आशावादी असतात. रस्त्याला वीस मिनिटं लागतात म्हणजे वीस मिनिटं आधी घराबाहेर, असा त्यांचा हिशोब, त्यात चपला घालणं नाही, कुलूप नाही, लिफ्ट नाही, "अरे गॅस बंद केला का" नाही, पार्किंग तर नाहीच नाही. आणि आल्यावर कारणं! आधीच उशीर, त्यात दहा मिनिटं कारण सांगण्यात जातात, उभ्याउभ्या, पर्स खांद्यावर तशीच, मी खुर्ची फिरवून उभी. मी म्हणते बसा बसा, सांगा ना, केस धुता धुता सांगा, तर नाही, माफी आधी पूर्ण व्हायला हवी. वेळेवर येणाऱ्या मात्र मुकाट येऊन बसतात आणि पुढची वाट बघत बसण्याची पाळी त्यांच्यावरच येते.

मी आता नेहमी उशिरा येणाऱ्यांना खरी वेळ सांगतच नाही, पंधरा मिनिटं आधीची देते. चालतं. फक्त एकीला ते कळलंय आणि ती आता अर्धा तास उशिरा येते. पावणेचारची वेळ होती तिची, आत्ता दारात दिसतेय, माफी सुरू झालीये, पळते.