रि: सहकारनगरचं घर – कुठल्या खोलीत काय 'स्मार्ट' करावं?

नमस्कार मंडळी,

थोडा सल्ला हवाय. पुण्याच्या सहकारनगरमधलं आमचं घर १९८४ सालचं, तळमजला अधिक एक. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या नळाला हात लावला की बाबांना झिणझिण्या यायला लागल्या. वायरमन बघून गेला. म्हणाला, आतली तार अ‍ॅल्युमिनियमची आहे, जरा वाकवली की तुटते, सगळंच बदला. त्यामुळे दिवाळीनंतर भिंती फुटणार हे नक्की. म्हटलं, फुटणारच आहेत तर घर एकदाच काय ते स्मार्ट करून टाकू.

आई ७३, बाबा ७९. आईचे गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. बाबांना कमी ऐकू येतं, बेल वाजलेली कळत नाही. माझ्या डोक्यात असं आहे: सगळ्या खोल्यांत स्मार्ट बल्ब, गीझरला स्मार्ट प्लग, हॉलमध्ये नि स्वयंपाकघरात कॅमेरा, आणि बोलून चालू-बंद करायला प्रत्येक खोलीत स्पीकर. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, नोव्हेंबरात, तीन आठवडे घरी जातोय. इथे अमेरिकेत सेल लागतातच, तर बॅग भरून नेऊ का?

– सहकारनगरकर, सध्या एडिसन, न्यू जर्सी

------

अरे, बॅग भरू नकोस!

मी गेल्या वर्षी सहा प्लग नेले होते, बाणेरच्या फ्लॅटसाठी. पहिला लावला, फट् आवाज, जळका वास, आणि बाबांचा एकच प्रश्न: "कितीला पडला?" इथली बरीच उपकरणं फक्त १२० व्होल्टची असतात, तिथे २३०. मागे बारीक अक्षरांत १००–२४० लिहिलेलं असेल तरच उचल. झेड-वेव्हचं (स्मार्ट उपकरणांना बिनतारी जोडणारी एक पद्धत) काही तर अजिबात नको. त्याची फ्रीक्वेन्सी देशागणिक वेगळी, अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, भारतात ८६५.२. इथला हब (सगळ्या उपकरणांना आज्ञा देणारी डबी) आणि तिथला स्विच एकमेकांना ओळखणारसुद्धा नाहीत. झिगबी नि थ्रेड या तशाच दुसऱ्या पद्धती २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथे ही अडचण नाही.

आणखी एक गंमत. अ‍ॅपमध्ये घराचा पत्ता माझा इथलाच राहिला होता. गॅलरीतला दिवा 'सूर्यास्ताला लाव' असा नेम केलेला. डिसेंबरात न्यू जर्सीत सूर्य मावळतो साडेचारला, म्हणजे पुण्यात पहाटेचे तीन. आठवडाभर रोज पहाटे तीनला आमची गॅलरी उजळत होती. शेजारच्यांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे.

– बाणेरचा फ्लॅट, प्रिन्स्टन

------

नमस्कार,

मी एकोणीस वर्षं जर्सीत काढून कोथरूडला परत आले, तरी या ई-मेल यादीतून माझं नाव कुणी काढलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. सासूसासऱ्यांच्या घरात हा सगळा उपद्व्याप करून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती झिणझिणी. तो गळता करंट आहे आणि एखाद्या ओल्या दिवशी जिवावर बेतू शकतो. दिवाळीची वाट बघू नका. वायरमनला आजच फोन करून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवायला सांगा (तो कदाचित ईएलसीबी म्हणेल) आणि अर्थिंग मोजून घ्या. तोवर गीझरचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा त्याचा स्विच) पाडूनच ठेवा, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. गुगल, अलेक्सा सगळं नंतर.

आता बल्ब. आम्हीही स्मार्ट बल्बच लावले होते. सासरे पन्नास वर्षं झोपण्याआधी घरभर फिरून एकेक बटण बंद करत आलेत. भिंतीवरचं बटण बंद झालं की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो, मग फोनवरून कितीही टिचक्या मारा. मी बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. त्यांनी त्या नखाने सोलून काढल्या आणि घडी करून टेबलावर ठेवल्या, माझ्या चष्म्याशेजारी. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बल्ब काढले.

तेव्हा बल्ब साधेच ठेवा, अक्कल बटणामागे घाला. नेहमीच्या मॉड्युलर स्विचमागे, भिंतीतल्या डब्यात बसणारे छोटे रिले (फोनवरूनही चालणारे विजेचे स्विच) मिळतात. बटण हातानेही चालतं, फोननेही. वायफाय गेलं, हब बिघडला, तरी बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे, हे वायरमनला निक्षून सांगा. यासाठी भिंती उघड्या असतानाच दोन गोष्टी करा. एक, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ओढून घ्या. ज्या बोर्डावर प्लग असतो तिथे तो असतोच, पण पलंगाशेजारच्या किंवा जिन्याच्या टू-वे बटणात बहुतेक नसतो आणि नेमका तिथेच लागतो. दोन, डबे खोल घ्या. उथळ डब्यात रिले कोंबला की प्लेट बसत नाही आणि वायरमन प्लेटऐवजी रिलेच काढून तुमच्या हातात देतो. शिवाय राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. जर्सीतल्या जिप्समच्या भिंतींतून वायफाय आरपार जातं, तुमच्या नऊ इंची विटांतून जाणार नाही. राउटर मात्र इन्व्हर्टरवर. सामान तपकीर गल्लीत पायी फिरून घ्या, चार दुकानं बघितल्याशिवाय भाव कळत नाही.

गीझर: दोन किलोवॅटचा जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, तीनचा तेरा. दिव्यांसाठीचा छोटा रिले त्याला लावाल तर वितळेल. सोळा अँपिअरचं खास गीझरसाठीचंच उपकरण घ्या, न्हाणीघराबाहेर बसवा, आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल एवढाच नेम करा. अमेरिकेतून गीझर 'चालू' करायची हौस नको.

पंखे: वीज वाचवणारे बीएलडीसी घेणार असाल (साधा पंखा सत्तर-ऐंशी वॅट खातो, हा तीसच्या आसपास) तर रेग्युलेटर काढून टाका. तो या पंख्यांना चालत नाही.

स्वयंपाकघर जरा नीट वाचा. तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे की सिलिंडर? पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो, म्हणून सेन्सर वर, छतापासून वीतभर खाली. सिलिंडरचा जड, तो ओट्याखाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीलगत. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत सेन्सर उलटे बसवलेले आहेत. बसवणाऱ्याला जिथे प्लग दिसला, तिथे त्याने लावला. आणि एक चमकदार कल्पना कुणीतरी तुम्हाला देईलच: गॅस गळला की एक्झॉस्ट आपोआप सुरू. कृपा करून नको. रिले जोडला जाताना ठिणगी पडते. सेन्सरने फक्त बोंबलावं, आईंनी रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, बटणाला हात लावू नये. धुराचा सेन्सरही स्वयंपाकघरात नको. सासूबाईंच्या मिरचीच्या फोडणीला आमचा तीनदा किंचाळला, चौथ्यांदा त्यांनी त्याला लाटणं मारलं. तिथे उष्णता ओळखणारा लावा. देवघराजवळही धुराचा नको. किंबहुना देवघरात काहीच नको.

झोपायची खोली. आईंसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: पलंगाखाली मंद पिवळ्या दिव्यांची पट्टी आणि हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. पाय जमिनीला टेकले की न्हाणीघरापर्यंतची वाट उजळते, डोळे दिपत नाहीत. सेन्सर मच्छरदाणीच्या बाहेर, घोट्याच्या उंचीवर. हा सेन्सर शरीराच्या आणि आसपासच्या उष्णतेतला फरक ओळखतो. वरच्या मजल्यावर एप्रिलात स्लॅब तापून खोलीच पस्तीस अंशांवर गेली की तो सुस्तावतो. त्यावर दुकानदार रडारवाला महागडा सेन्सर दाखवेल. तो उष्णतेवर अवलंबून नसतो हे खरं, पण फिरता पंखा आणि हलणारी मच्छरदाणी यांनाही तो माणूस समजतो. आमच्याकडे रिकाम्या खोलीत रात्रभर दिवा जळायचा. आई-बाबा तळमजल्यावर झोपत असतील तर पीआयआर पुरे.

स्पीकर एकच घ्या, हॉलमध्ये. सासूबाई त्याच्याशी हिंदीत बोलतात, "वो पंखा जरा कमी करो, बाई." बाई ऐकते, कधीकधी.

– कोथरूडची ताई

------

ताईंचं पत्र छापून ठेवलं. माझं फक्त कॅमेऱ्याबद्दल. मी ७६ वर्षांचा आहे, दर हिवाळ्यात पुण्यात असतो. माझ्या मुलाने हॉलमध्ये कॅमेरा लावला, तर मी त्याच्यावर ओला पंचा वाळत घातला. बनियनवर पेपर वाचतोय हे एडिसनमध्ये कळायची काय गरज? दारातला कॅमेरा ठीक, घरात नको.

आमच्यात शेवटी तडजोड झाली. दाराच्या चौकटीला बोटभर लांबीचा सेन्सर लावलाय, दार उघडल्याची नोंद करणारा. सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान दुधाची पिशवी आत घ्यायला मी दार उघडतोच. नाही उघडलं तर साडेसातला मुलाच्या फोनवर निरोप जातो. तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ असतात. जागाच असतो तो. वर्षभरात दोनदा निरोप गेला, दोन्ही वेळा मी शेजाऱ्याला दूध घ्यायला सांगून पहाटे सिंहगडला गेलो होतो. आता आदल्या दिवशी सांगून जातो, नाइलाजाने.

– काका

------

सगळ्यांचे मनापासून आभार.

कालच आरसीसीबी बसला. बसल्याबरोबर पडला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. गीझरची लाइन काढली तेव्हा थांबला. म्हणजे झिणझिण्या तिथूनच येत होत्या. गीझर नवा घेतोय, दोन किलोवॅटचा.

रात्री घरी व्हिडिओ कॉल केला आणि पहिल्यांदाच दोघांना विचारलं की तुम्हाला काय हवंय. आईला पलंगाखालचा दिवा हवाय आणि टाकी भरली की सांगणारं काहीतरी, कारण गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ती पंप चालू करून विसरते. बाबांना बेल वाजली की हॉलची ट्यूब लुकलुकायला हवी. कॅमेऱ्याचं नाव काढलं तर आईने फोन बाबांकडे दिला आणि बाबांनी, ऐकू येत नाही, असं सांगितलं. एरवी माझं सगळं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं.

काका, दाराच्या सेन्सरला दोघं तयार आहेत. फक्त आमच्याकडे दूध पावणेसहाला येतं, तेवढी वेळ बदलतो. ताई, आमच्याकडे पाइपचा गॅस आहे आणि वायरमनने सेन्सरसाठी प्लग ओट्याखाली धरला होता. वर घ्यायला सांगितलाय.

इथून आता काहीच न्यायचं नसल्याने बॅगेत जागा आहे. कुणाला पुण्याला काही पाठवायचं असेल तर सात किलोपर्यंत सांगा. प्लग सोडून.

– सहकारनगरकर