‘तो काळच तसा होता’, पण त्याच काळात जोतीरावही होते ना?

जुनी वही

भाचीला बी.ए.ला मराठी आहे. तिच्यासाठी ग्रंथालयातून ‘निबंधमाले’चा जाडजूड खंड आणला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं गद्य मोठ्यानं वाचण्यात मजा असते, म्हणून तिला म्हटलं, वाच खणखणीत. ती रंगून वाचू लागली. लांबच लांब वाक्यं, मध्येच हाणलेला टोला. आम्ही दोघं दाद देत होतो. मग जोतीराव फुल्यांवरचा मजकूर आला आणि चार ओळींत तिचा आवाज उतरला. पानात पेन्सिल घालून तिनं खंड मिटला. म्हणाली, “मामा, तो माणूस काय म्हणतोय ते राहिलं बाजूला. हे त्याच्या भाषेच्या चुका का काढत बसलेत?”

मी सवयीनं बोलून गेलो, “अगं, तो काळच तसा होता.”

बोललो खरा, पण तेव्हापासून ते मलाच टोचतंय. ‘गुलामगिरी’ आली १८७३ साली, ‘निबंधमाला’ सुरू झाली १८७४ साली. दोघंही पुण्याचेच. जोतीरावांनी ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, म्हणजे जगातलं वारं पुण्यात पोचत होतं. शास्त्रीबुवा तर इंग्रजीचे पट्टीचे वाचक. आजची फूटपट्टी त्यांना लावू नये, मान्य. पण त्यांच्याच गावातली, त्यांच्याच काळातली का लावू नये?

तळटीप

सहमत नाही. आधी वय बघा. १८५०चा जन्म, १८८२ साली गेले. बत्तिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तेवढ्यात ‘निबंधमाले’चे ८४ अंक, तेही जवळजवळ एकहाती. सरकारी नोकरीवर पाणी सोडून १८८०ला न्यू इंग्लिश स्कूल काढलं, पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’. इंग्रजी शिकलेला माणूस मराठीला कमी लेखत होता, त्याला यांनी आपल्या भाषेत ताठ उभं राहायला शिकवलं. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध पुढे इंग्रज सरकारनं जप्त केला, तो काही उगाच नाही.

परक्यांच्या राज्यात स्वत्व टिकवायचं हा एकच ध्यास होता. मिशनऱ्यांच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण त्यांना त्या गोटातला वाटला. जोतीरावांना ओळखण्यात त्यांची चूक झाली, हे मी अमान्य करत नाही. पण ती कशातून झाली हे समजून न घेता दीडशे वर्षांनी निकाल देणं मला पटत नाही. त्यांना उत्तर देता येत नाही हो. लेखकाला लेखणीवरून जोखा.

भीमथडी

लेखणीवरूनच जोखतोय, तळटीप. जोतीरावांची भाषा ‘अशुद्ध’ म्हणजे नेमकं काय? ती माळ्याच्या, कुणब्याच्या घरात बोलली जाते ती भाषा.

शाळेत असताना मी एकदा उशिरा पोचलो. बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं, “विहिरीचं पानी आटलं, लांबून आनावं लागलं.” त्यांनी मला फळ्याजवळ उभं केलं आणि ‘पाणी, आणावं’ असं दहादा म्हणायला लावलं. वर्ग हसत होता. दहाही वेळा म्हणून जाग्यावर बसलो. विहिरीचं मात्र कुणी विचारलं नाही.

तुमच्या भाचीनं जे विचारलं ना, तेच मला तेव्हा विचारायचं होतं, शब्द नव्हते. एक माणूस सांगतोय की आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत गेल्या, आणि समोरचा ऱ्हस्व-दीर्घ तपासतोय. याला काळ जबाबदार नाही. ही निवड आहे.

गवती चहा

भीमथडी, तुमची आठवण वाचून वाईट वाटलं, आणि ते मनापासून लिहितेय. तरी एक शंका विचारते. जोतीरावांनी इंग्रजी राज्याचं स्वागत केलं, मिशनऱ्यांचे आभार मानले. ब्राह्मणांबद्दल लिहिताना ते सरसकट सगळ्या जातीवर तुटून पडतात. आजच्या मापानं हेही खटकणारच. मग तिथे आपण “त्यांची परिस्थिती बघा” म्हणायचं आणि विष्णुशास्त्र्यांना ती सवलत नाही, हे कसं? माप एकच हवं.

भीमथडी

एकच लावा, माझी ना नाही. जोतीरावांना इंग्रजांबद्दल जे दिसलं नाही ते खुशाल सांगा. पण १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामावरही कोरडे ओढतात, तेही सांगा. आणि ज्याच्या हातात पोथी, शाळा आणि छापखाना आहे त्याचा राग, आणि ज्याची सावलीही वर्ज्य त्याचा राग, हे एका तागडीत तोलताना जरा थांबा. रानड्यांनी ग्रंथकार सभेचं बोलावणं धाडलं तेव्हा, १८८५ साली, जोतीरावांनी सरळ कळवलं की जे माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आमचं जमणार नाही. ही फूटपट्टी १८८५चीच आहे, माझी नव्हे.

सदाफुली

इतकं वाचलं, ताराबाई शिंद्यांचं नाव कुणीच घेतलं नाही?

सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यात ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या वेळच्या वाचकप्रिय कादंबऱ्यांनाही त्यांनी जाब विचारलाय. म्हणजे लेखकांना नैतिक प्रश्न विचारणं ही आज निघालेली टूम नाही. त्या लेखकांच्याच जमान्यात एका बाईनं ते केलं.

तिचं काय झालं? टीका इतकी झाली की जोतीरावांना आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत तिची बाजू घ्यावी लागली. तिचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. हेही पुस्तक विस्मरणात गेलं, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा ९३ वर्षं उलटली होती. तोवर ‘निबंधमाला’ शिकवली जात होती, तिच्या शैलीचे धडे गिरवले जात होते. ‘तो काळ तसा होता’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. तो काळ तसाच उरावा अशी वाचनाची व्यवस्था नंतरच्यांनी केली, आणि त्यात आपणही आहोत. माझी आजी सातवी शिकलेली, घरातलं प्रत्येक पुस्तक वाचून काढलेली, पण ताराबाईंचं नाव न ऐकताच गेली.

तळटीप

सदाफुली, हे माझ्या डोक्यात नव्हतं. ताराबाई मी वाचलेल्या नाहीत, वाचतो.

तरी विष्णुशास्त्री अभ्यासक्रमातून काढा, पुतळे हलवा, असं कुणी म्हणालं तर मी आडवा येईन. इंग्रजीचे वर्ग घेताना मराठी वाक्य कसं उभं राहतं हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते ऋण आहे माझ्यावर.

जुनी वही

काढा असं मी म्हणतच नाहीये, तळटीप. उलट तो मजकूर गाळून ‘निवडक’ काढतात, त्याला माझा जास्त विरोध आहे. तो वाचायलाच हवा, आणि त्याच तासाला ‘गुलामगिरी’ही. आगरकर त्याच न्यू इंग्लिश स्कुलात शिकवत होते, ‘केसरी’चे पहिले संपादक होते, आणि पुढे समाजसुधारणेच्या वाटेनं गेले ते आपण जाणतोच. एकाच शाळेतल्या माणसांना वेगवेगळं दिसत होतं.

काल रात्री भाचीनं खंड परत उघडला. पेन्सिल होती तिथूनच. या वेळी ‘गुलामगिरी’ शेजारी उघडी होती, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचं पान. ती धोंडिबा वाचत होती, जोतीराव मला वाचायला लावले. साडेअकरापर्यंत आम्ही दोन प्रकरणं वाचली.