चित्रातली श्रीमंती (ए विंग ग्रुप)

*अनघा, ३०२:* फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदचं 'मादाम रेकामिए' (१८००) हे चित्र बघतेय. बँकरची बायको, पण अनवाणी आणि साधा पांढरा झगा. मग श्रीमंती ओळखायची कशावरून?

*जोशीकाका, ७०१:* कापडावरून. तलम पांढरी मलमल तेव्हा बंगालातून जायची, महाग पडायची. शिवाय पांढरं लगेच मळतं, म्हणजे धुवायला घरात माणसं हवीत. बैठक रोमन घाटाची, बाजूला उंच दिवा. हे ओळखायला शिक्षण लागायचं, आणि तेच मिरवायचं होतं. मागच्या भिंतीचा मात्र फार अर्थ काढू नकोस, चित्र अपुरं राहिलंय.

*मेधाताई, ५०४:* अगं, त्याचंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या बायकोचं चित्र (१७८८) बघ, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सुमारे २६० बाय १९५ सेंमी, जवळजवळ पूर्णाकृती. दाविदला त्याचे ७,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळाले. टेबलावर, जमिनीवर काचेची उपकरणं, त्यामुळे सगळे म्हणतात, 'शास्त्रज्ञाचं चित्र'.

*जोशीकाका, ७०१:* उपकरणं नंतरची ना?

*मेधाताई, ५०४:* हो काका. जुनं वार्निश काढताना बाईंच्या डोक्यावर खालचा लाल रंग डोकावला. मग अवरक्त छायाचित्रण केलं आणि क्ष-किरणांनी रंगांतले धातू तपासले. पारा सापडला तर हिंगूळ (लाल रंग), शिसं असेल तर सफेदा (पांढरा रंग), असा हिशेब. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: आधी बाईंच्या डोक्यावर फुला-रिबिनींची मोठी फॅशनेबल हॅट होती, टेबल सोनेरी नक्षीचं होतं आणि उपकरणं नव्हतीच. आता दिसणाऱ्या लाल मखमली कापडाखाली ती नक्षी झाकलीय.

*अनघा, ३०२:* फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने बदललं असेल?

*मेधाताई, ५०४:* तारखा बघ. चित्र १७८८ चं, क्रांतीची सुरुवात मानला जाणारा बास्तीय हा पॅरिसचा तुरुंग-किल्ला पडला जुलै १७८९ मध्ये. तेव्हा जीव वाचवायला बदललं, असं म्हणता येणार नाही. पण लाव्हाझिए राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांपैकी एक होता, आणि त्या लोकांवर राग आधीपासूनच होता. ८ मे १७९४ ला इतर मक्तेदारांबरोबरच त्याला गिलोटिनवर चढवलं.

*जोशीकाका, ७०१:* आणि अनघा, लाव्हाझिएंच्या चित्रात डावीकडच्या खुर्चीवरचा पोर्टफोलिओ (चित्रं ठेवायची फाईल) चुकवू नकोस. बाई दाविदकडेच चित्रकला शिकल्या होत्या. नवऱ्याच्या पुस्तकातल्या उपकरणांच्या आकृत्या त्यांच्याच.

*अनघा, ३०२:* दिसला! अंधारात आहे अगदी.